चाळिशीची जुळवाजुळव

मराठीत चाळिशी म्हणजे वय आणि चाळिशी म्हणजे चष्माही. लांबचं नीट दिसतं, हातातलं मात्र धूसर होतं, म्हणून तो लागतो. मधल्या वयात आयुष्याची दिशा हरवल्यासारखी वाटते तेव्हाही बहुधा असंच झालेलं असतं. मुलं मोठी झालेली असतात, नोकरीची वाट कुठवर जाते ते कळून चुकलेलं असतं. मग वाटतं, मागचं सगळं पुसावं आणि कोरी पाटी घ्यावी. माझं म्हणणं असं की अर्थ कोऱ्या पाटीवर क्वचितच उमटतो. आजवर जे हाताला जमलं, त्याचीच नवी जुळणी होते आणि तिच्यातून दिशा मिळते. ही जुळणी एकट्याने होत नाही.

१८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचं उदाहरण घ्या. चाळिशीत त्यांचं आयुष्य वरवर पाहता विस्कटलेलंच होतं. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यात छायाचित्रणाचा धंदा, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, जादूचे प्रयोग, मग छापखाना, आणि भागीदाराशी बिनसल्यावर तोही सुटलेला. अशात गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. ही गोष्ट साक्षात्कार म्हणून सांगितली जाते. पण तो मूकपट इतरांनीही पाहिलाच होता. फाळक्यांना त्यात वाट दिसली, कारण चित्रकला, रसायनं, यंत्रं आणि नजरबंदी या साऱ्यांचा सराव त्यांना आधीच होता. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरात कामाला लागले. फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला, त्यात सरस्वतीबाईंचेही कष्ट होते.

यावर कुणी म्हणेल, फाळके असामान्य होते, शिकलेले होते, सामान्यांचं काय? उत्तर मुंबईतल्या गिरणगावच्या खाणावळींत आहे. एका खोलीत दाटीने राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका किराणा उधारीवर आणत आणि सावकाराचं व्याज भरत. गोवा मुक्तिलढ्यात व कामगार चळवळीत घडलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. हाताची चव तीच, चूलही तीच. पण पत आली आणि घरखर्चासाठी चाललेल्या राबण्याला व्यवसायाचा मान आला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे अनेकांची गिरणी कायमची सुटली. लालबाग-परळच्या ज्या माणसाने वीस वर्षं सांचा चालवला, त्याचं कसब सांच्याबाहेर कुठे लावायचं? त्याला ‘स्वतःला नव्याने शोध’ म्हणणं निष्ठुरपणाचं आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझं म्हणणं त्याने पक्कंच होतं. कसब होतं, जिद्दही होती. पत, जागा आणि नवं शिकण्याची सोय नव्हती. तेव्हा मधल्या वयातलं भटकलेपण हा केवळ मनाचा प्रश्न मानू नये.

दिशा सापडली की यश मिळतंच, असंही नाही. बोलपटांच्या काळात फाळके मागे पडले आणि १९४४ मध्ये नाशिकला, उपेक्षेत त्यांचं निधन झालं. तरी त्यांच्या चाळिशीनंतरच्या कामाचं मोल त्याने उणावत नाही. म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने आधी आपल्याला काय येतं याची यादी करावी, मग त्याची कुणाला गरज आहे ते पाहावं. आणि त्याला जामीन राहायला आपण आजूबाजूच्यांनी पुढे यावं.