सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे : दुःखात अल्लाहकडे मोकळेपणाने मागण्याविषयी

घरात कुणी बरेच दिवस आजारी असले, मुलाची नोकरी गेली, लेकीचा संसार मोडायला आला की भेटायला येणारी मंडळी हमखास म्हणतात, ‘सब्र करा.’ सल्ला चांगलाच आहे. पण आपल्या घरांत त्याचा अर्थ हळूहळू असा झालाय की तोंडातून ‘हाय’सुद्धा निघता कामा नये आणि दुआही बेताचीच मागावी. एखादी बाई रडून, हट्टाने मागू लागली की कुणीतरी खाला लगेच टोकते, ‘असं बोलू नये बेटी, नाशुक्री होते.’ मग ती बिचारी मनातलं मनात ठेवते, पाठ केलेल्या चार ओळी म्हणते आणि जानमाज गुंडाळून उठते.

आम्हाला वाटते, इथे काहीतरी चुकते आहे. कुरआनमध्ये ज्यांच्या सब्रची आठवण दिली आहे, त्यांच्याकडेच पाहू या.

ह. याकूब (अ.) यांच्यासमोर मुलांनी यूसुफचा रक्त लावलेला सदरा आणून ठेवला, तेव्हा त्यांच्या तोंडी सब्रचाच शब्द होता. अनेक वर्षांनी दुसरा मुलगाही दुरावला, तेव्हाही तोच शब्द. पण याच सूरह यूसुफमध्ये हेही आहे की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले होते. मुलांनी बोल लावला की, तुम्ही यूसुफची आठवण काढून काढून स्वतःला संपवाल. त्यावर त्यांनी उत्तर दिले की, मी माझ्या दुःखाचे गाऱ्हाणे फक्त अल्लाहपुढे मांडतो आहे (12:83-86). सब्र करणारा आणि गाऱ्हाणे मांडणारा माणूस एकच. ह. अय्यूब (अ.) यांचेही तसेच. अल्लाहने त्यांना साबिर म्हटले (38:44), आणि त्यांनीच आपल्या रब्बला हाक मारून सांगितले की मला त्रासाने गाठले आहे (21:83).

म्हणजे अल्लाहपाशी रडल्याने सब्र मोडत नाही. अल्लाहची तक्रार लोकांकडे करणे वेगळे आणि आपली तक्रार अल्लाहकडे नेणे वेगळे. आपण नेमके उलटे करतो. गल्लीभर सगळी कर्मकहाणी सांगून होते, आणि सजद्यात गेलो की एकदम परक्यासारखे सभ्य होतो.

या बाबतीत सर्वांत धीट उदाहरण एका स्त्रीचे आहे. मदीनेतल्या ह. खौला बिन्ते सअलबा (रजि.) यांचे पती रागाच्या भरात बोलून गेले की, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस. अज्ञानकाळाच्या रूढीप्रमाणे या एका वाक्याने पत्नी नवऱ्याला कायमची हराम होई. खौला थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या. त्यांनी सांगितले की या माणसाच्या घरात माझी जवानी गेली, त्याची मुले मी वाढवली, आणि आता वय झाल्यावर हे ऐकायला मिळाले. या प्रश्नावर तोवर कोणताही नवा हुकूम आलेला नव्हता. म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. पुन्हा पुन्हा आपली बाजू मांडत राहिल्या आणि अल्लाहकडे गाऱ्हाणे करत राहिल्या. ह. आयेशा (रजि.) त्याच घरात होत्या, पण खौलांचे सगळे बोलणे त्यांनाही ऐकू आले नाही.

अल्लाहने मात्र ऐकले. सूरह मुजादला सुरूच होते ती या वाद घालणाऱ्या स्त्रीचे बोलणे अल्लाहने ऐकले या गोष्टीने, आणि सूरहचे नावही त्यावरूनच पडले. ती जाहिली रूढी तिथेच निकाली निघाली. असे बोलणाऱ्या पतीला प्रायश्चित्त सांगितले गेले : गुलाम मुक्त करणे, ते शक्य नसल्यास सलग दोन महिने रोजे, तेही झेपत नसतील तर 60 गरिबांना जेवण. एका घरातले रडणे, आणि त्यातून साऱ्या उम्मतसाठी कायदा आला! नवऱ्याच्या वागणुकीबद्दल अल्लाहकडे बोललीस तर नाशुक्री होते, असे ज्या बहिणींना सांगितले जाते, त्यांनी ही सूरह अर्थासह जरूर वाचावी.

प्रेषितांनी (स.) मागण्याची पद्धतही शिकवली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे की ‘तुझी इच्छा असेल तर माफ कर’ अशी दुआ करू नये, ठामपणे मागावे, कारण अल्लाहवर जबरदस्ती करणारा कोणी नाहीच. आपण प्रत्येक वाक्याला ‘इन्शाअल्लाह’ जोडतो, ते आपल्या बेतांसाठी ठीक आहे. मागताना असे मागे सरायचे नाही. इस्तिखारा वेगळा. तिथे आपले भले कशात आहे हेच आपल्याला ठाऊक नसते, म्हणून निवड त्याच्यावर सोपवतो.

आणि मागायचे ते नाव घेऊन. प्रेषितांची (स.) एक प्रसिद्ध दुआ आहे. तिच्यात चिंता, दुःख, आळस, भित्रेपणा, कंजुषी आणि कर्जाचे ओझे यांपासून एकेकाचे नाव घेऊन पनाह मागितली आहे. कर्जाचा उल्लेख दुआत शोभतो का, असा प्रश्न तिथे पडलेला दिसत नाही. तेव्हा हप्ता थकला असेल तर तो हप्ता सांगा, बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असेल तर तो रिपोर्ट सांगा. नमाजच्या आत मसनून अरबी दुआ असू द्या. नमाज झाल्यावर हात उठवून मराठीत, दखनीत, कोकणीत, ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत बोला. फार मोठे मागितले असे वाटून संकोच नको. मुस्लिमच्या हदीसमध्ये आहे की पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सर्व माणसे आणि जिन्न एका मैदानात उभे राहून मागू लागले आणि प्रत्येकाला त्याचे दिले, तरी त्याच्या खजिन्यातून तेवढेच कमी होईल जेवढे समुद्रात बुडवलेली सुई पाणी कमी करते.

काही मर्यादा आहेत. पापासाठी किंवा नाती तोडण्यासाठी मागू नये. त्रास असह्य झाला म्हणून मरण मागू नये. अगदीच राहवले नाही तर, जगणे भल्याचे असेल तोवर जगव आणि मरण भल्याचे असेल तेव्हा ने, एवढे म्हणावे. औषधोपचार थांबवू नयेत, उपचार करा असे प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे. आणि ‘मागून पाहिले, काही झाले नाही’ म्हणत दुआ सोडू नये. मुसनद अहमदमधील एका हदीसनुसार दुआचे फळ तीनपैकी एका रूपाने मिळते : मागितले ते मिळते, किंवा आखिरतसाठी राखले जाते, किंवा तेवढेच एखादे संकट टळते. ज्या आईचे मूल गेले तिच्यापुढे हा हिशेब मांडायची घाई मात्र कुणी करू नये. आधी तिच्याजवळ बसावे.

ह. जकरिया (अ.) यांनी मागितले ते तर कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते. हाडे कमकुवत झालेली, डोके पांढरे झालेले, पत्नी वांझ. तरी त्यांनी एकांतात हळू आवाजात वारस मागितला, आणि तुझ्याकडे मागून मी कधी निराश झालो नाही, असेही सांगितले. यह्याची खुशखबर आली, तेव्हा मागणाऱ्यालाच आश्चर्य वाटले. मला मुलगा कसा होणार, असे त्यांनी विचारले. मग एक खूण मागितली. तीही मिळाली : धडधाकट असूनही तीन रात्री ते लोकांशी एक शब्द बोलू शकले नाहीत (19:2-10).