मशीन दुसऱ्याची, धंदा आपला: एजन्सी घेण्याआधी हे तीन प्रश्न विचारा



सोलर पंप, इलेक्ट्रिक स्कूटर, सीएनजी बाईक, कम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन... बाजारात रोज काहीतरी नवीन येतंय. आणि तूर-सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्याकडच्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "दादा, एजन्सी घेऊ का?" काही जण तर डिपॉझिट भरूनच विचारायला येतात. हा पैसा घरचा असतो, कधी वडिलांच्या नावावर उचललेला असतो. म्हणून आज सरळ मुद्द्यावर येऊ. नवीन मशीन आली की आपल्यासारख्या छोट्या माणसाला पैसा नेमका कुठे सापडतो?

आधी बेळगावच्या सायकल दुकानात जाऊ

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म 1869. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंगांमधला फरक नीट कळत नाही हे लक्षात आलं. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. 1888 मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे. थोरले भाऊ रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे.

इथे थांबा. सायकल त्यांनी शोधली नव्हती. पण ज्या गावात सायकल चालवता येणारा माणूस नाही, तिथे ती नुसती विकून कशी खपणार? शिकवणं हाच त्या धंद्याचा अर्धा भाग होता.

पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन खराब होते अशी भीती शेतकऱ्याच्या मनात होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! वस्तू उत्तम असून दोन वर्षं. भरवसा बसायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत तग धरायला पैसा लागतो, हे लिहून ठेवा.

नंतर नगरपालिकेने बेळगावची जागा रिकामी करायला लावली. औंधच्या राजांनी जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. 1910 मध्ये कुंडल रोड नावाच्या एका लहानशा स्टेशनजवळ, निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. आज सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ती हीच. जऊळक्यालाही स्टेशन आहे, अकोला-पूर्णा लाईनवरचं. गाव लहान आहे म्हणून धंदा होत नाही, हे कारण मला सांगू नका.

आता तीन प्रश्न

पहिला: ही मशीन आपल्या भागात चालवायला जे लागतं, ते इथे आहे का?
दुसरा: बिघडली तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, आणि कोणाला?
तिसरा: महिन्याला किती काम आलं तर माझा हप्ता आणि माझी मजुरी निघेल?

तिन्ही प्रश्न एकेका धंद्याला लावून बघू.

गाडी: बजाजने 5 जुलै 2024 ला पुण्यात फ्रीडम 125 आणली, जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल. दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल बसतं. इंजिनिअरिंग जबरदस्त आहे. पण पहिला प्रश्न विचारा: गिऱ्हाइकाच्या घरापासून सीएनजी पंप किती किलोमीटर? गॅस भरायलाच लांब जावं लागलं तर तो पेट्रोलवरच चालवणार. इलेक्ट्रिक स्कूटरचंही तेच. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, नवी बॅटरी कितीला आणि सुटे भाग किती दिवसात मिळतात, हे कंपनीकडून लेखी घ्या. गाडी एकदा विकली जाते, शिव्या मात्र पाच वर्षं दुकानदारालाच बसतात.

सोलर: 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला फक्त 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के. पंप तीन, पाच किंवा साडेसात एचपीचा, जमिनीच्या हिशेबाने. आता दुसरा प्रश्न लावा. या पंपांना पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, म्हणजे ते काम कंपनीने फुकट करून द्यायचं आहे. "गावात शंभर पंप बसले, मी दुरुस्तीचं दुकान टाकतो" हा हिशेब पहिली पाच वर्षं चुकणार. खरी संधी कंपनीचा स्थानिक टेक्निशियन होण्यात, फाउंडेशन आणि फिटिंगची कामं घेण्यात आहे. घराच्या छतावर बघायचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. तिथे फॉर्म भरून देणं, छत मोजणं, पॅनल धुणं, ही कामं करणारा गावातलाच माणूस लोकांना हवा असतो.

उत्पादन: अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल तयार केली, 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' म्हणून ओळखतात. तुरीचं टरफल काढायचं, डाळ फोडायची, भुसा-चुरी वेगळी करायची. कच्चा माल आपल्याच शेतात. पण तिसरा प्रश्न इथे सोडायचा नाही. कागद घ्या. खालचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा मशीन, शेड आणि वीज जोडणी मिळून 3 लाख. हप्ता महिन्याला 7,000, म्हणजे वर्षाला 84,000. डाळ करून द्यायचे क्विंटलला 600 घेतले, वीज-मजुरी-तेलाचे 250 गेले, उरले 350. नुसता हप्ता फेडायला 84,000 भागिले 350, म्हणजे 240 क्विंटल. आता स्वतःची मजुरी महिन्याला 10,000 धरा, वर्षाचे 1,20,000. एकूण 2,04,000. झाले जवळपास 583 क्विंटल. एका घराने दोन क्विंटल तूर आणली तर 292 घरं लागतील!

मग आजूबाजूच्या गावांत एवढी घरं आहेत का? दुसरी मिल किती लांब आहे? हंगाम संपल्यावर मशीन बंद राहणार, की हरभरा, मूग, उडीद मिळणार? ही उत्तरं यूट्यूबवर नाहीत, माझ्या चॅनलवरसुद्धा नाहीत. ती दारोदार फिरून मिळतात.

अनुदानाचंही समजून घ्या. पीएमईजीपीमध्ये ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, महिला, मागास प्रवर्ग, अल्पसंख्याक अशा विशेष गटाला 35 टक्के. पण ती रक्कम लगेच हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत अडकून राहते आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळती होते. हप्ता पहिल्यापासून भरावाच लागतो. अनुदान बघून धंदा निवडू नका, धंदा निवडून अनुदान बघा. योजना सध्या चालू आहे का आणि अटी काय, हे वाशिमच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

या आठवड्याचं काम

डिपॉझिट भरायच्या आधी पन्नास घरी जा. फक्त दोन गोष्टी विचारा: "हे काम सध्या कुठून करून घेता?" आणि "त्यात त्रास काय होतो?" वहीत लिहा. पन्नासपैकी वीस जणांनी एकच त्रास सांगितला तर तुमचा धंदा त्या वहीत आहे. कोणी काहीच त्रास सांगितला नाही, तर तुमचे चार लाख वाचले, तीही कमाईच की.

वही भरली की हिशेब मांडा, मगच बँकेची पायरी चढा.