'अस्तु' : विस्मरणातही उरणारा माणूस

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचा 'अस्तु' हा मराठी चित्रपट फारसा गाजला नाही. त्यात खलनायक नाही, की शेवटी सारे सुरळीत करणारा चमत्कारही नाही. तरीही घरातील तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहावा, असा तो आहे.

संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) अल्झायमरच्या व्याधीने स्मृती गमावत आहेत. कन्या इरा (इरावती हर्षे) कामापुरती दूर जाते, तेवढ्यात हे वृद्ध गृहस्थ एका हत्तीच्या मागे लहान मुलासारखे निघून जातात. इकडे कुटुंबाचा शोध आणि मनाची बोचणी; तिकडे माहुताची कानडी बोलणारी पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) त्या अनोळखी वृद्धाला मायेने सांभाळते. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नाही. ते तिच्यात आई पाहतात आणि ती आई होते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचा, तर सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा सन्मान लाभला.

असा उदास चित्रपट मनाला का ओढतो? आपण अनित्य भावनेचे चिंतन करतो, ते धन आणि देह यांच्या संदर्भात. ज्यावर 'मी' उभा असतो ती स्मृतीही अनित्य आहे, हे येथे डोळ्यांना दिसते. ज्ञानावरणीय कर्म ज्ञानगुण झाकते, पण जीवाचे जीवत्व हिरावत नाही, हा सिद्धांत जाणणाऱ्यास शास्त्रींच्या निरागस चेहऱ्यात केवळ ऱ्हास दिसणार नाही.

प्रश्न व्यवहाराचाही आहे. ज्यांनी पेढी उभारली, पै-पैचा हिशेब मुखोद्गत ठेवला, तेच बाबा एके दिवशी नातवाचे नाव विसरतात. तेव्हा घरचे नकळत त्यांची परीक्षा घेऊ लागतात : "सांगा, मी कोण?" उत्तर चुकले की ते खजील होतात आणि आपण खिन्न. चन्नम्मा असे काहीच विचारत नाही. पूर्वीचे शास्त्री तिने पाहिलेलेच नाहीत, म्हणून समोरचा माणूस तिला अपुरा वाटत नाही. इरेला मात्र जुने वडील हवे आहेत. तिचे दुःख खोटे नाही, पण त्या दुःखाचे मूळ आसक्तीत आहे.

'अस्तु' म्हणजे 'असो, तसे होवो'. हा स्वीकार म्हणजे सेवेतून सुटका नव्हे. औषधोपचार चालू राहावेत, आपली अपेक्षा तेवढी सुटावी. वैयावृत्त्याला तपात स्थान देणाऱ्या समाजाला हे निराळे सांगावयास नको.