चोरीस गेले, पण नोंदीत राहिले

जयपूर पाहून परतणाऱ्या मराठी प्रवाशाच्या सामानात सांगानेरी चादर, लाखेच्या बांगड्या आणि एखादे लघुचित्र हमखास असते. हे लघुचित्र पुष्कळदा जुन्या हिशेबाच्या कागदावर किंवा कालबाह्य मुद्रांकावर रंगविलेले असते. कागद खराच जुना, चित्र मात्र परवाचे. प्रामाणिक दुकानदार तसे सांगतोही. जुन्या खातेवह्यांच्या पानांना इतके देखणे निवृत्तिवेतन लाभलेले पाहून बँकेत हयात घालविलेल्या माणसाला गंमत वाटल्यावाचून राहत नाही. परंतु जुने आणि नवे यांतील हाच फरक पुसट करून आपल्या देशातील कितीतरी अस्सल कलाकृती परदेशी गेल्या आहेत.

कलाकृतींच्या चोरीचा विषय निघाला की प्रथम नाव येते ते 'मोनालिसा'चे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून 21 ऑगस्ट 1911 रोजी, सोमवारी, संग्रहालय बंद असताना हे चित्र नाहीसे झाले. चोर होता व्हिन्सेन्झो पेरुजा. संग्रहालयातील चित्रांना काचा बसविण्याच्या कामावर पूर्वी असलेला हा इटालियन कारागीर. आश्चर्य असे की, दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरील रिकामी जागा पाहूनही रक्षकांना शंका आली नाही. चित्र छायाचित्रणासाठी नेले असेल, असा त्यांचा समज झाला! वस्तू हलविताना कोणी, केव्हा, कशासाठी नेली याची नोंद ठेवण्याची सक्ती नसली की काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पेरुजाने काचेवर आपल्या अंगठ्याचा ठसा मागे ठेवला होता. पूर्वीच्या एका प्रकरणामुळे त्याचे ठसे पॅरिस पोलिसांच्या दप्तरी होतेही. तथापि ती कार्डे उजव्या हाताच्या ठशांवरून लावलेली होती आणि काचेवरील ठसा पडला डाव्या अंगठ्याचा! माहिती कपाटात होती, पण शोधता येत नव्हती. दोन वर्षे ते चित्र पॅरिसमध्येच पेरुजाच्या खोलीत पडून राहिले. 1913 च्या अखेरीस फ्लॉरेन्समधील आल्फ्रेडो जेरी या कलाव्यापाऱ्याकडे तो ते घेऊन गेला, तेव्हा जेरी आणि उफीझी संग्रहालयाचे संचालक जोव्हान्नी पोज्जी यांनी लूव्रच्या खुणा पडताळून चित्र अस्सल असल्याची खात्री केली. एका नोंदीने दगा दिला होता, दुसरीने चित्र घरी आणले.

जयपूरलाही अशा नोंदीचे महत्त्व फार लवकर उमगले होते. 1883 मध्ये तेथे मोठे कलाप्रदर्शन भरले. त्याचे सूत्रधार डॉ. थॉमस होल्बाइन हेंडली हे पेशाने शल्यचिकित्सक होते. प्रदर्शन संपल्यावर त्यांनी त्यातील वस्तूंचे सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक खंड सर्वस्वी 'रझ्मनामा' या पोथीला वाहिलेला आहे. अकबराने महाभारताचा फारसी अनुवाद करवून घेतला आणि दसवंत, बसावन, लाल यांसारख्या चित्रकारांकडून तो सजविला. ही शाही प्रत जयपूरच्या राजघराण्याकडे आली. सामान्य अभ्यासकाला मूळ प्रतीचे दर्शन पुढे दुर्लभ झाले, तरी तिची चित्रे कशी आहेत हे जगाला हेंडलींच्या ग्रंथामुळे ठाऊक राहिले.

शिल्पांच्या बाबतीत असे दप्तर किती कामी येते, हे राजस्थानातीलच एका मूर्तीच्या प्रवासावरून दिसते. जयपूरच्या दक्षिणेस, कोट्याच्या पलीकडे, चितोडगड जिल्ह्यात रावतभाट्याजवळ बाडोली येथे प्रतिहारकालीन मंदिरांचा समूह आहे. 1821 मध्ये कर्नल जेम्स टॉड तेथे पोहोचले तेव्हा तेथील शिल्पवैभवाने ते थक्क झाले. सोबतच्या घासी नावाच्या चित्रकाराकडून त्यांनी तेथील रेखाटने करवून घेतली. याच समूहातील घटेश्वर मंदिरातून फेब्रुवारी 1998 मध्ये नटेशाची पाषाणमूर्ती चोरीस गेली. सुमारे चार फूट उंचीची, चतुर मुद्रेतील, जटामुकुट धारण केलेली ही त्रिनेत्र शिवमूर्ती म्हणजे प्रतिहार शैलीचा एक दुर्मीळ नमुना. ती ब्रिटनमध्ये पोहोचल्याचे 2003 मध्ये उघडकीस आले. लंडनमधील ज्या खासगी संग्राहकाकडे ती होती, त्याने 2005 मध्ये ती स्वेच्छेने भारतीय उच्चायुक्तालयाच्या स्वाधीन केली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी ऑगस्ट 2017 मध्ये 'इंडिया हाउस' येथे तिची पाहणी करून ती घटेश्वर मंदिरातीलच असल्याचे निश्चित केले आणि 2020 मध्ये ती मायदेशी निघाली. मूर्ती हाती येणे आणि ती 'आपलीच' असल्याची तज्ज्ञांनी खात्री करणे, यांत तब्बल बारा वर्षे गेली!

2003 हेच वर्ष जयपूरच्या पोलीस दप्तरातही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जूनमध्ये जयपूर पोलिसांनी 'ऑपरेशन ब्लॅक होल' या मोहिमेत शहरातील एका व्यापाऱ्याला पुरावस्तूंच्या तस्करीच्या आरोपाखाली अटक केली. प्रकरण जगभर गाजले. 2008 मध्ये जयपूरच्या न्यायालयाने त्यास जन्मठेप सुनावली, 2014 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. अशा स्थितीत त्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन उरत नाही. पुरावस्तूंचे खटले सिद्ध करणे किती अवघड असते, एवढे मात्र त्यावरून लक्षात यावे.

कायदा नाही असे नाही. 'पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972' हा 5 एप्रिल 1976 पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. राजा रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस आदी नऊ कलावंतांच्या कृती तर वयाचा विचार न करता 'कलानिधी' ठरविल्या आहेत. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या खासगी मालकीच्या असल्या, तरी त्यांची छायाचित्रांसह नोंदणी करावी लागते. नव्या हस्तकलेच्या वस्तूला ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळते. पळवाट शोधली जाते ती येथेच. हुबेहूब जुन्यासारखे नवे घडविणाऱ्या कारागिरांच्या देशात अस्सल जुने नव्याच्या नावाखाली पेटीत भरणे सोपे जाते. त्यात त्या कारागिरांचा दोष कोणता?

आपले सरकारी दप्तर मात्र फारसे आश्वासक नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या 2013 च्या अहवालानुसार 1,655 संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली असता 92 स्मारकांचा ठावठिकाणाच लागला नाही. त्यांतील बरीच पुढे सापडली, हे खरे. परंतु जेथे अख्खे स्मारक हरवते, तेथे हातभर उंचीच्या मूर्तीची काय कथा! संग्रहालयांतील वस्तूंची संगणकीय सूची करण्यासाठी पुण्याच्या 'सी-डॅक'ने एक प्रणाली तयार केली आहे आणि 2014 पासून ती राष्ट्रीय संग्रहालयांत वापरात येऊ लागली. तिचे नाव आहे 'जतन'. नाव ठेवणाऱ्यास मराठी चांगले येत असावे.

आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात पिढीजात टाक असतील, माळ्यावर पोथ्या असतील. काही ग्राहक गावच्या देवस्थानाचे विश्वस्तही असतील. अशा वस्तूचे चारही बाजूंनी आणि तळाचे छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी. उंची, वजन, द्रव्य लिहावे. तुटलेला कान, टवका, जुना सांधा यांचे वर्णन अगत्याने करावे, कारण नक्कल करणारा सौंदर्य साधतो, दोष नेमके साधणे त्याला जड जाते. वस्तू लॉकरमध्ये ठेवली तरी हे करावेच. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला ठाऊक नसते. चोरीसारख्या घटनेत बँकेचे दायित्व रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांनुसार वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते आणि शंभरपट भाड्यात आजोबांची सचित्र पोथी पुन्हा लिहून होत नाही.

जयपूरच्या रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल संग्रहालय 1887 मध्ये जनतेसाठी खुले झाले. 14 ऑगस्ट 2020 रोजी तेथे मुसळधार पाऊस कोसळला आणि संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरले. कर्मचाऱ्यांनी काच फोडून 'टूटू' ही इजिप्शियन ममी वेळीच उचलून घेतली. तिचे छायाचित्र सर्वत्र झळकले. पुरातत्त्व विभागाच्या फायली मात्र पाण्यात भिजल्या, आणि पाणी ओसरल्यावर कर्मचारी त्यांची पाने वाळवीत बसले होते.