तणनाशक खाणारे जंतु

शेतांतील तण काढणें हें कष्टाचें व खर्चाचें काम. तें हलकें करण्यासाठीं निघालेल्या औषधांपैकीं ॲट्राझिन हें एक होय. १९५८ च्या सुमारास गायगी या स्विस कंपनीनें तें बाजारांत आणलें आणि मका, ज्वारी व ऊंस या पिकांत त्याचा प्रसार झाला. तण मरतें, पीक वांचतें. परंतु औषधाचें काम संपलें तरी औषध संपत नाहीं. तें जमिनींत मागें राहतें आणि पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत विहिरींत उतरतें. भूमिगत पाण्यांतील या अवशेषांमुळें जर्मनीनें १९९१ सालीं त्याच्यावर बंदी घातली. परंतु बंदीनें नवें विष थांबतें. मातींत मुरलेलें विष निघत नाहीं. तें काढावें कसें?

या प्रश्नाचें उत्तर मातींतच सांपडलें. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यांत, तणनाशक सांडून दूषित झालेल्या एका जागेच्या मातींतून मँडेलबॉम, ॲलन व वॅकेट या शास्त्रज्ञांनीं स्यूडोमोनास जातीचा एक जंतु वेगळा केला. १९९५ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध झाली. हा जंतु ॲट्राझिन फोडतो, तें परोपकारबुद्धीनें नव्हे, तर भुकेमुळें. ॲट्राझिनच्या प्रत्येक रेणूंत नत्राचे पांच अणु असतात, आणि नत्रावांचून जंतूचें शरीर वाढत नाहीं. तो प्रथम रेणूंतील क्लोरिनचा अणु काढतो. त्यासरशीं तण मारण्याचा गुण नाहींसा होतो. मग तो बाजूच्या दोन शाखा छाटतो आणि शेवटीं उरलेलें कडें फोडून त्याचा अमोनिया व कर्बवायु करतो. प्रत्येक पायरीस लागणारें निराळें विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारें द्रव्य, त्याच्यापाशीं असतें.

परंतु जेथें भूक हें बळ, तेथेंच मर्यादाही आली. जमिनींत खताचें नत्र विपुल असेल, तर हा अवघड घांस घेण्याचें जंतूस कारण उरत नाहीं व विघटन मंदावतें. शिवाय नवख्या जंतूस स्थानिक जंतूंशीं झगडावें लागतें.

म्हणून साउथ डकोटा राज्यांत, ॲट्राझिन सांडलेल्या एका जागीं, निराळी युक्ति योजण्यांत आली. क्लोरिन काढणारें विकर दुसऱ्या एका जंतूंत विपुल तयार करविलें, तो जंतु मारला आणि त्याचे मृत अवशेष मातींत मिसळले. मेलेला जंतु वाढत नाहीं, पसरत नाहीं. विकर मात्र कांहीं काळ काम करीत राहतें. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें आठ आठवड्यांत ॲट्राझिन ५२ टक्क्यांनीं घटलें. जोडीस फॉस्फेट घातलेल्या वाफ्यांत ७७ टक्क्यांनीं. कांहींच न मिसळलेल्या वाफ्यांत तें घटलें नाहीं.

हा उपाय सांडलेल्या जागेपुरता आहे. विष एकदां खोल पाण्यांत पसरलें, म्हणजे त्याच्यामागें जंतु पाठविणें दुर्घट होतें. यास्तव मातींत आहे तोंवरच त्यास गांठणें आणि मुळांत सांडूं न देणें, यांतच विहिरीचें रक्षण आहे.