विवाहचित्र आणि स्थलांतर : कोटणीस-गुओ दांपत्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
घराच्या भिंतीवरील विवाहाचे छायाचित्र ही केवळ कौटुंबिक आठवण नसते. पोशाख, बैठक आणि पार्श्वभूमी यांतून ते आपल्या काळाची साक्ष देते. प्रस्तुत लेखात ढोकीपासून जवळच असलेल्या सोलापूरशी नाते सांगणाऱ्या एका भारतीय-चिनी दांपत्याच्या आधारे या साधनाचे मूल्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये सोलापूर येथे झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. शान्शी प्रांतातील गुओ चिंगलान तेथे शुश्रूषा शिकवीत असत. १९४१ च्या अखेरीस दोघे विवाहबद्ध झाले.

छायाचित्राचे वाचन :
तत्कालीन मराठी विवाहचित्रात रंगविलेला पडदा, खुर्ची आणि नऊवारीतील दागिन्यांनी मढलेली वधू असा संकेत रूढ होता. या दांपत्याची परिचित छायाचित्रे मात्र सैन्याच्या साध्या गणवेशातील आहेत. त्यांतून पती-पत्नीच्या आधी दोन सहकारी दिसतात. विवाहानंतर वधूने माहेर सोडावे ही आपली रीत. येथे वर समुद्रापार गेला होता. मुलाच्या ‘यिनहुआ’ या नावात भारत व चीन दोन्ही सामावले. त्याच्या जन्मानंतर काही महिन्यांतच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, कोटणीसांचे निधन झाले. संसार जेमतेम वर्षभराचा ठरला.

यापुढील इतिहास छायाचित्र सांगत नाही. १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटात व्ही. शांताराम व जयश्री यांनी या भूमिका केल्या आणि मराठी प्रेक्षकांच्या मनात वधूचा चेहरा जयश्रींचाच राहिला. प्रत्यक्षातील गुओ चिंगलान यांनी १९६७ मध्ये पुत्रवियोगही सोसला. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या व २०१२ मध्ये निवर्तल्या. कोटणीसांचे नाव सर्वमुखी आहे. त्यांच्या पत्नीचे नाव मात्र आपल्याला सहसा आठवत नाही.

निष्कर्ष :
विवाहचित्र क्षण जपते, परंतु त्यामागील प्रवास लेखी व मौखिक साधनांशिवाय कळत नाही. त्यातही वधूचा प्रवास प्रथम विस्मृतीत जातो. म्हणून प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून घरातील जुन्या विवाहचित्रांची नोंद करून घ्यावी. प्रत्येक चित्रामागे वर्ष, गाव आणि वधूचे माहेरचे नाव लिहिले जावे. सांगणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवरच हे शक्य आहे.