जयंतीच्या ट्रकचे वायरिंग

१४ एप्रिल जवळ आली की वस्तीत वर्गणीची पावतीपुस्तके निघतात, निळ्या पताका येतात, मिरवणुकीसाठी ट्रक ठरतो. परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा कशी सजवायची यावर मंडळाची बैठक मध्यरात्रीपर्यंत रंगते. भोंग्याची वायर कुठून न्यायची यावर मात्र कोणी शब्द काढत नाही. आम्हीही काढला नव्हता.

एका वर्षी मिरवणूक अर्ध्यावर आली आणि केबिनमागून धूर निघाला. वर पांढऱ्या कपड्यांतल्या लहान मुली बसलेल्या. त्यांना भराभर खाली उतरवले, ड्रायव्हरने बॅटरीची वायर उपटली, म्हणून निभावले. नंतर पाहतो तो काय, फ्यूज दोनदा उडाला म्हणून कोणीतरी त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली होती. हादऱ्यांनी पत्र्याची धार तिचे आवरण कापत गेली. फ्यूज तेच सांगत होता, पण ऐकणार कोण?

तेव्हापासून आदल्या दिवशी वायरमनदादांबरोबर आम्ही स्वतः उभे राहतो. मोठ्या ट्रकला बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ व्होल्टचे मशीन त्याला थेट लावले तर जळते. दोहोंपैकी एकाच बॅटरीवर चालवले तर ती एकटीच उतरते आणि परतताना ट्रक ढकलावा लागतो. म्हणून वेगळी बॅटरी भाड्याने घ्यावी, ती दोरीने पक्की बांधावी, सजावटीच्या कापडापासून लांब ठेवावी. फ्यूज प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरातच हवा. तो मशीनजवळ लावला तर मधली सारी वायर उघड्यावर पडते.

वायर बारीक घेऊन चार पैसे वाचवू नयेत. कचेरीत दिवसभर आकडे मांडणाऱ्या आम्हाला हा हिशेब पटकन समजला. मशीन १५ अँपिअर ओढते आणि वायर जाऊन-येऊन १० मीटर आहे असे धरा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच जातात, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाऊण व्होल्टही जात नाही. वायर पत्र्यातून जाईल तिथे रबरी बुश बसवावा. सायलेन्सरपासून दूर, दर हातभर अंतरावर बांधत न्यावी. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. सोडताना मायनस आधी.

सगळ्यात मोठी धास्ती मात्र ट्रकवरच्या वायरीची नाही, रस्त्यावरच्या विजेच्या तारांची. उंच लोखंडी कमान आणि टपावर बांबूने तारा उचलणारा पोरगा, हे आम्ही बंद केले. आदल्या दिवशी मार्गावरून चालत जाऊन सर्वांत खाली आलेली तार पाहून ठेवतो. गेल्या खेपेस त्यापायी कमान दोन फूट कापली. पोरे दोन दिवस आमच्याशी बोलली नाहीत.